साठावा अंक

खळकाकांकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं तेव्हा ते जगाच्या नकाशावर बसलेले होते. शाळेच्या वाचनालयात जमिनीवर दोन फळ्या, फळ्यांच्या मध्ये आमचा मोठा नकाशासंग्रह आणि वर मांडी घालून एक चाळिशीचा सडपातळ माणूस. सुट्टी होती, आम्ही तीन-चार शिक्षिका पुस्तकांची मोजदाद करत होतो. मुख्याध्यापक आत आले तशा आम्ही उठून उभ्या राहिलो. तो माणूस उठला नाही.

"सर, सरस ओला आहे," तो म्हणाला. "वीस मिनिटं झाली की उठतो."

आमच्या मुख्याध्यापकांसमोर असं बसून बोलायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. त्यांनी घड्याळ पाहिलं. "किती झाली?"

"अकरा."

मुख्याध्यापक गेले आणि दहा मिनिटांनी परत आले. तेव्हा तो माणूस उभा होता. त्यानं व्यवस्थित नमस्कार केला आणि नकाशासंग्रह त्यांच्या हातात दिला. पुस्तकाचा कणा इतका सरळ बसला होता की मुख्याध्यापकांनी तो दोनदा उघडून मिटला. त्यानंतर तेवीस वर्षं शाळेचं सगळं बाइंडिंग त्यांच्याकडेच राहिलं. मुलं त्यांना खळकाका म्हणायची, कारण त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास यायचा. त्यांनीही हे नाव इतकं मनावर घेतलं की दुकानाच्या पाटीवर शेवटी तेच लिहून घेतलं.

निवृत्त झाल्यावर माझ्या घरातली फाटकी पुस्तकं घेऊन मी त्यांच्या दुकानात जाऊ लागले. पुस्तकं संपली तरी जाणं राहिलं. खालच्या मजल्यावर पुढे दुकान, मागे घर. दुकानात एक मोठं टेबल, पुस्तकं दाबायचा एक लोखंडी शिकंजा, पुठ्ठ्यांची चळत, आणि गिऱ्हाइकासाठी एकच स्टूल. दुसरं स्टूल ठेवलं तर गिऱ्हाइकं एकमेकांशी बोलत बसतात, असं त्यांचं म्हणणं. टेबलाच्या मागून एक लाकडी जिना वर जातो. त्याला तेरा पायऱ्या आहेत. वर त्यांचे थोरले भाऊ राहतात. गल्ली त्यांना दादाच म्हणते, म्हणून मीही म्हणते.

दादा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. लग्न केलं नाही. बाजारात ते शिरले की दुकानदार आधी तराजू पुसत आणि मग तोंड. एकदा त्यांनी माझ्यादेखत एका फळवाल्याला चाळीस ग्रॅमवरून पाऊण तास उभं केलं होतं. फळवाला रडकुंडीला आला, आणि दादांनी शेवटी स्वतःच्या पिशवीतला रुमाल त्याला दिला. रुमाल परत घ्यायला ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

आता या दोघा भावांचा अबोला सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. त्यांच्या आई इस्पितळात होत्या. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. दादा त्या दिवशी लांब कुठल्याशा गोदामात मोठा वजनकाटा तपासायला गेले होते. ते पोहोचले तेव्हा आई गेलेल्या होत्या. व्हरांड्यात मामा, मावशी, चुलत भावंडं, सगळे उभे. आणि खळकाका, ज्यांनी आयुष्यात कुणाला आवाज चढवून काही म्हटलं नव्हतं, ते मोठ्यानं म्हणाले, "आलास? झाले का सगळ्या जगाचे काटे बरोबर? आईनं अर्धा तास वाट पाहिली."

दादा आईच्या खोलीत गेले. सगळं आटोपेपर्यंत जे करायचं ते सगळं त्यांनी केलं. मग घरी आले, आणि त्या दिवसापासून आतला जिना वापरायचं बंद केलं. बाहेरून एक लोखंडी जिना होता, मागच्या बाजूला, गंजलेला. त्याची दुरुस्ती करून घेतली आणि तिथून जाऊ-येऊ लागले. भावाशी बोलणं बंद.

खळकाकांच्या बायकोनं पहिल्याच आठवड्यात स्वतःचं धोरण जाहीर केलं. ती दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. "माझं दोघांशी बोलणं आहे आणि ते तसंच राहणार. भाऊजींचा डबा मी वर पोचवीन. पण निरोप नेणार नाही. दिवसभर लोकांचे निरोपच घेते मी, घरी आणखी ते नको." तिनं शब्द पाळला. दोन्ही भावांनी आपापल्या परीनं तिला घोळात घ्यायचा प्रयत्न केला, पण तिनं दाद दिली नाही.

साधारण वर्षभर असं गेलं. मग एका खासगी वाचनालयानं चित्रकथेचे सहा अंक बांधायला दिले आणि नंतर ते वाचनालयच बंद पडलं. अंक खळकाकांकडे राहिले. मालिकेचं नाव 'नखांची नौका'. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या जुन्या नॉर्स पुराणकथांवर ती बेतलेली होती. त्या पुराणात म्हणे असं सांगितलंय की जगाच्या शेवटी मेलेल्या माणसांच्या नखांपासून बांधलेलं एक जहाज समुद्रात उतरणार, आणि मग देवांचं काही खरं नाही. चित्रकथेत ते जहाज बांधायचं काम एका लंगड्या सुतारणीकडे होतं. एकडोळ्या राजाला ते थांबवायचं होतं. मध्ये एक बांधून घातलेला लांडगा होता, तो कधी सुटतो याची सगळे वाट पाहत होते. खळकाका पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. त्यांनी आधी पानं क्रमानं आहेत का हे पाहण्यापुरतं ते वाचलं, मग ती सुतारीण बरोबर काम करते का हे पाहण्यासाठी, आणि मग नुसतंच.

सहा अंकांचा एक खंड बांधून त्यांनी तो जिन्यावर वाळत ठेवला. दुसऱ्या दिवशी खंड तिथेच होता, पण आत एक चिठ्ठी. पेन्सिलीनं, सरकारी अक्षरात: "पान ९ व १० उलटी लागली आहेत."

खळकाकांनी तपासलं. खरंच उलटी लागली होती.

ते मला हे सांगत होते तेव्हाही त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून पान उलटं लागलं नव्हतं. त्यांनी शिवण उसवली, पानं सरळ केली, पुन्हा बांधलं आणि खंड जिन्याच्या सातव्या पायरीवर ठेवला. सातवी बरोबर मधली. खालून सहा, वरून सहा. संध्याकाळी खंड गेला. मंगळवारी परत आला. आत चिठ्ठी: "ठीक आहे. पुढचे अंक मिळतात काय?"

चिठ्ठी कुणाला लिहिली आहे, याचा त्यात उल्लेख नव्हता.

तेव्हापासून तो क्रम पडला. नवा अंक महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायचा, कधी एक-दोन महिने खाडाही व्हायचा. खळकाका तो दुपारी घेऊन यायचे, चारपर्यंत वाचायचे, तपकिरी कागदात गुंडाळून सातव्या पायरीवर ठेवायचे. दादा तेवढ्यापुरतं वरून सहा पायऱ्या उतरायचे. मंगळवारी अंक परत, आत चिठ्ठी. चिठ्ठी नेहमी पेन्सिलीची, कारण शाईचा डाग पडतो हे दादांना लहानपणापासून माहीत होतं. वडीलही बाइंडरच होते. खळकाका उलट चिठ्ठी लिहायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, आपण लिहिलं तर तो बोलणं समजेल आणि तेही बंद करेल.

या चिठ्ठ्या मी वाचल्या आहेत. त्या त्यांनी एका खोक्यात ठेवल्या होत्या. एक अशी: "अंक १४. लांडग्याच्या पुढच्या पायाला पाच नखे. अंक ११ मध्ये चार होती." दुसरी: "माणसाची नखे वीस. आतापावेतो मेलेले १४३. इतक्यात एक फळी होईल. जहाज होणार नाही." मग पुढे तीसेक अंकांनंतर: "मोठे युद्ध. मेलेले अंदाजे चार हजार. आता होईल."

"म्हणजे दादांना आवडतंय," मी म्हटलं.

"आवडतंय?" खळकाका म्हणाले. "बाई, तो रात्री नखं कापतो ना, तीसुद्धा मोजत असेल."

मी स्वतः दोन अंक वाचून पाहिले. बर्फ फार होतं. पण ती सुतारीण मला आवडली. ती कमी बोलायची आणि हत्यारं जागच्या जागी ठेवायची. वर्गात अशी एखादी मुलगी असली की बाईंचं निम्मं काम होतं.

अशी जवळजवळ सात वर्षं गेली. मग छप्पन्नाव्या अंकाच्या मागच्या पानावर जाहीर झालं: साठावा अंक शेवटचा. शहाण्णव पानांचा महाअंक. जहाज समुद्रात उतरणार. लांडगा सुटणार.

खळकाकांनी ते पान माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, "छान. एकदाचं संपतंय."

"संपतंय," ते म्हणाले. त्यांनी पान खाली ठेवलं आणि हाताची खळ फडक्याला पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिले. "बाई, मग सातव्या पायरीवर काय ठेवू?"

उत्तर त्यांच्याकडेच होतं, पण ते बाहेर पडायला आठवडा लागला. चार खंड बांधून झाले होते, बारा-बारा अंकांचे; पहिल्या सहांचा खंडही उसवून पहिल्या बारांत घेतला होता. पाचवा खंड शेवटचा. शेवटचा अंक ज्या दिवशी येईल त्याच दिवशी तो इतर अकरांबरोबर शिवून, अख्खा खंड बांधून, संध्याकाळी पायरीवर ठेवायचा. आणि सुरुवातीच्या कोऱ्या पानावर त्या इस्पितळातल्या वाक्याबद्दल जे म्हणायचं ते लिहायचं. नुसती चिठ्ठी पाठवली तर दादा परत पाठवतील. पुस्तक ते परत पाठवणार नाहीत, निदान वाचल्याशिवाय नाही.

"आणि शेवटचाच खंड आहे," ते म्हणाले. "यानंतर माझ्याकडे वर पाठवायला काही नाही. आता नाही झालं तर मग नाहीच."

मजकूर दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं. पहिला मसुदा असा: "दादा, इस्पितळात माझ्याकडून झालेल्या विधानाबद्दल मी दिलगीर आहे."

"ही नोटीस वाटते," मी म्हटलं.

दुसरा मसुदा अडीच पानांचा होता. त्यात आईचं आजारपण पहिल्या तापापासून होतं, औषधांच्या नावांसकट. मी म्हटलं, हे त्यांना माहीत आहे. तिसरा मसुदा त्यांनी माझ्यासमोरच लिहिला. "दादा, चुकलं."

"हे ठेवा."

"एवढंच? एवढ्या मोठ्या पानावर?"

"पान मोठं आहे म्हणून वाक्य मोठं करायचं नसतं," मी म्हटलं. सदतीस वर्षं मुलांच्या निबंधांवर हेच लिहीत आले, पहिल्यांदाच कुणी ऐकलं.

आता त्यांच्याकडून झालेली चूक. पुस्तकाचं कव्हर बाइंडर कधीही आधी करत नाही. आधी पानं शिवायची, दाबायची, मग जाडी मोजायची, आणि त्या मापाचा कणा कापायचा. हे पहिल्या दिवशी शिकवतात. पण सगळं एका दुपारीच उरकायचं होतं. म्हणून खळकाकांनी अकरा अंकांची जाडी मोजली, शहाण्णव पानांची जाडी हिशोबानं त्यात मिळवली, आणि कव्हर तीन आठवडे आधी करून ठेवलं. गडद निळं कापड, कण्यावर सोनेरी अक्षरं: नखांची नौका, खंड पाच, संपूर्ण. इतकं देखणं कव्हर मी त्यांच्या हातचं दुसरं पाहिलेलं नाही. छापलेल्या जाहिरातीवर एका बाइंडरनं असा विश्वास ठेवल्याचंही दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

तो शनिवार आला. मी माझा शब्दकोश न्यायला गेले होते, म्हणजे तसं कारण काढून गेले होते. खळकाकांच्या बायकोचा दवाखाना शनिवारी अर्धाच दिवस असतो, तीही येऊन बसली होती, पुठ्ठ्यांच्या चळतीवर. अडीच वाजता खळकाका अंक घेऊन आले. त्यांनी तो दोन बोटांत धरला होता.

"एवढाच?" बायको म्हणाली.

"बत्तीस," ते म्हणाले. "बत्तीस पानं आहेत."

त्यांनी उभ्या उभ्याच वाचायला घेतला. वाचायला फार वेळ लागला नाही. त्यातली नऊ पानं जाहिरातींची होती. त्याच प्रकाशनाची नवी मालिका येणार होती, वाळवंटातली. एका पानावर संपादकांचं आभाराचं पत्र. उरलेल्या बावीस पानांत एकडोळ्या राजानं शिंग फुंकलं. त्याचं काय झालं ते कळलं नाही. जहाज लांबून दिसलं, धुक्यात, जमिनीवरच. सुतारीण त्याच्याकडे बघत म्हणाली, "कदाचित जहाज म्हणजे आपणच होतो." मग बर्फ पडायला लागलं. बर्फ पडत होतं म्हणून पुढची चार पानं पांढरी होती. समाप्त.

"आणि लांडगा?" मी विचारलं.

"एका चौकटीत शेपूट आहे," खळकाका म्हणाले. त्यांनी ते पान उजेडाकडे धरलं. "पण ते त्याचंच आहे असं सांगता येत नाही."

त्यांनी अकरा अंकांवर तो बारावा ठेवला, फळीनं दाबला, आणि कव्हर वरून लावून पाहिलं. कणा चार मिलिमीटर जास्त रुंद. चार मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. पण पुस्तक कव्हरात ठेवून हलवलं की ते आत वडिलांचा सदरा घातलेल्या मुलासारखं इकडून तिकडे सरकत होतं. खळकाका ते हलवत राहिले.

"अहो, पुरे," बायको म्हणाली. "चक्कर येईल त्याला."

"साठ अंक," ते म्हणाले. "साठ अंक ती बाई रंधा मारतेय. नखं चिकटवतेय एकेक. सांधा कसा बसवायचा ते अख्खं एक प्रकरण दाखवलं. आणि पाण्यात उतरवायचंच नाही? मला कुणी पुस्तक दिलं बांधायला आणि मी सांगितलं, पुस्तक म्हणजे आपणच होतो, तर?"

"तर मी दवाखान्यात दोन पाळ्या करीन," बायको म्हणाली.

मला कोऱ्या पानाची काळजी होती. खंड नाही म्हणजे कोरं पान नाही, आणि कोरं पान नाही म्हणजे ते दोन शब्द जायचे कुठून? नवं कव्हर करून वाळायला सोमवार उजाडला असता. मी तसं म्हटलंसुद्धा: "सोमवारी द्या. दोन दिवसांनी काय बिघडतं?" पण खळकाकांना ते ऐकू गेलं नाही. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू त्यांच्याच हातून कुणाचा तरी मोठा विश्वासघात झाला आहे.

"तो वर वाट बघत असेल," ते म्हणाले. "शहाण्णव पानांची."

मग त्यांनी अंक तपकिरी कागदात गुंडाळला. टेबलावरची पेन्सिल घेतली, कागदाचा एक तुकडा फाडला, भरभर काहीतरी लिहून दोऱ्यात खोचलं, आणि सातव्या पायरीवर ठेवून खाली आले. इतक्या वर्षांत त्यांनी वर पाठवलेली ती पहिली चिठ्ठी.

"काय लिहिलं?" बायकोनं विचारलं.

"दादा, हे वाचू नकोस."

बायकोनं कपाळाला हात लावला. "इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य, आणि ते हे?"

ते त्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं. ते परत जिन्याकडे वळले, पण वरचं दार वाजलं होतं. पावलं सहा पायऱ्या उतरली. थांबली. कागदाचा आवाज. आम्ही तिघंही पुठ्ठ्यांसारखी ताठ झालो होतो. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही. मग पावलं पुन्हा सुरू झाली, आणि ती वर गेली नाहीत.

दादा खाली आले. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी पायरी जरा दाबून पाहिली, ती पूर्वी करकरायची. अजूनही करकरली. हातात अंक होता.

"वाचू नकोस म्हणजे काय?" ते म्हणाले. "मी काय लहान आहे?"

"नाही," खळकाका म्हणाले.

"वाचला मी."

"हं."

"हे काय आहे?"

"मला काय विचारतोस? मी काढलंय का?"

"शहाण्णव पानं जाहीर केली होती. मी मोजली. बत्तीस. पैकी चार कोरी." दादा टेबलाजवळ आले. त्यांचा आवाज बाजारातला होता, फळवाल्याला उभं करण्याचा. "जाहीर केलेलं माप एक आणि दिलेलं माप दुसरं. याला नाव आहे. याला कलम आहे."

"भाऊजी, चित्रकथेला कलम लागतं?" खळकाकांच्या बायकोनं विचारलं.

"पाकिटावर जे छापलंय ते पाकिटात असलं पाहिजे. मग साबण असो की लांडगा." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. 'जहाज म्हणजे आपणच होतो.' याचा अर्थ काय?"

"याचा अर्थ, पेपर संपायला पाच मिनिटं राहिली होती," मी म्हटलं. "मुलं अशा वेळी असंच लिहितात."

दादांनी मान हलवली. बहुधा पहिल्यांदाच त्यांना माझं काही पटलं होतं. मग त्यांचं लक्ष टेबलावरच्या निळ्या कव्हराकडे गेलं. त्यांनी ते उचललं, पुस्तकावर ठेवलं, अंगठ्यानं कण्यातली फट चाचपली.

"हे आधी केलंस?"

"हो."

"मोजायच्या आधी?"

"हो."

"बाबांनी पाहिलं असतं तर?"

"ते गेलेत म्हणूनच केलं," खळकाका म्हणाले.

दादांच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. त्याला हसू म्हणायचं की नाही, ते मी ठरवू शकले नाही. "इतकी घाई कसली होती?"

खळकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शब्दकोशाकडे पाहिलं. मजकूर दुरुस्त करणं वेगळं आणि दुसऱ्याच्या वतीनं वाचून दाखवणं वेगळं.

"शेवटच्या खंडात मला काही लिहायचं होतं," ते म्हणाले. "पहिल्या पानावर. आता खंडच नाही, तर… दादा, चुकलं. मी त्या दिवशी जे बोललो ते."

रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं, तिची साखळी सैल होती.

"कोणत्या दिवशी?" दादांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. पण तारखेशिवाय नोंद कशी करायची?

"आई गेली त्या दिवशी. अर्धा तास वाट पाहिली म्हणालो, ते."

"अर्धा तास नव्हता," दादा म्हणाले. "एक तास दहा मिनिटं. मी गोदामातून निघायलाच उशीर केला. काटा बरोबर लागत नव्हता, आणि तो बरोबर लागेपर्यंत मी निघालो नाही." त्यांनी कव्हर टेबलावर ठेवलं आणि कडेशी समांतर सरकवलं. "तू बोललास ते खोटं नव्हतं रे. सगळ्यांसमोर होतं."

"आताही सगळ्यांसमोरच म्हणतोय," खळकाका म्हणाले. "चुकलं."

सगळे म्हणजे मी आणि त्यांची बायको. दादांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, आणि तेवढी हजेरी पुरेशी आहे असं त्यांनी ठरवलेलं दिसलं. ते स्टुलावर बसले. मी उभीच होते, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

"कागद आण," ते भावाला म्हणाले. "संपादकाला लिहायचंय. आणि तू शिवायला घे. सोमवारपर्यंत नवं कव्हर पाहिजे. या वेळी मी मोजतो."

"मला मोजता येतं."

"दिसतंय ते."

पत्र लिहायला सव्वा तास लागला. दादा सांगत होते, खळकाका मधेमधे टोचत होते. लांडग्याच्या शेपटीवर दोघांचं एकमत होईना. दादांच्या मते ते शेपूट नव्हतंच, दोरीचं टोक होतं. खळकाका म्हणाले, दोरीला केस नसतात. दादा म्हणाले, जुन्या दोरीला असतात. आवाज इतके चढले की समोरचा चष्मेवाला दारात येऊन बघू लागला, पुन्हा भांडण लागलं की काय म्हणून. बायको त्याला म्हणाली, "काही नाही हो, बोलतायत," आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "सरसाचा वास झोंबतो मेला." सरस त्या दिवशी तापवलेला नव्हता.

पत्रातली दोन वाक्यं मी गाळली, एक सौम्य केलं. प्रकाशनाकडून महिनाभरात उत्तर आलं. छापील कार्ड होतं: तुमच्या उत्साहाबद्दल आभारी आहोत. सोबत वाळवंटातल्या नव्या मालिकेचं एक चिकटचित्र. दादांनी कार्डाची लांबी-रुंदी मोजली आणि ते ठेवून दिलं. नवी मालिका दोघांनीही घेतली नाही. खळकाकांना उंटाची पावलं चुकीची वाटली, आणि दादांना आता जाहिरातीवर विश्वास नाही.

मागच्या महिन्यात खळकाकांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. चार आठवडे वाकून काम करायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून दुकान बंद आहे. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात: आठ, बारा, चार आणि आठ. बायको दवाखान्यात असते, त्यामुळे बारा आणि चारचे थेंब दादा आतल्या जिन्यानं खाली येऊन घालतात.